आग्यावेताळ

५ फेब्रुवारी
आग्यावेताळ! जेवताना सुजयचं सारखं तेच. धाटावला त्याच्या कंपनीत नवी सेफ्टी ऑफिसर आलीये, तिला म्हणतो. "इशिता मॅडम म्हणजे नुसती आग्यावेताळ! मॅनेजरलाच झापलं!" — आणि हसत होता.

आमच्या लग्नात मी मंडपवाल्याशी भांडले, तेव्हा हेच मला म्हणाला होता. असाच हसत. हल्ली मी भांडतच नाही. कधीपासून, आठवत नाही.

६ फेब्रुवारी
सुजय डबा विसरला, तर इशिताने आपल्यातली भाकरी दिली म्हणे. भांडी जरा जास्तच जोरात घासली.

८ फेब्रुवारी
पेणला बाबांकडे. मराठीचे मास्तर होते ना — सहज विचारल्यासारखं विचारलं, आग्यावेताळ शब्द आला कुठून? खुललेच! "आग्या म्हणजे आगीचा. वेताळ भुतांचा राजा. माळावर रात्री उजेड हलताना दिसला की लोक म्हणायचे, वेताळ मशाली घेऊन निघाला. त्यावरून भडक माथ्याचा माणूस." मग म्हणाले, "पण नुसती शिवी नव्हे हं. वेताळ गावाची राखणही करतो."

म्हणजे मानही तिलाच! गाडीने रोह्याला घरी परत येताना कासू स्टेशन कधी गेलं कळलंच नाही. मनात तिचाच चेहरा रंगवत होते — उंच, गोरी.

११ फेब्रुवारी
इशिता बाजारात भेटली. बुटकी. घसा बसलेला. "तुम्ही वृंदाताई ना? मी इशिता. सुजय फार बोलतात तुमच्याबद्दल." हसते छान. त्याचाच राग आला.

१४ फेब्रुवारी
सुजयच्या शिफ्टमधल्या नावेदची बायको आली, सुमय्या. "सुजयभाईंनी सांगितलं नाय तुला? परवा टाकीत उतरत होते. आतला गॅस तपासलाच नव्हता! मॅडमनी कॉलर धरून मागं खेचलं, शिव्या घातल्या, काम बंद केलं. आता मॅनेजर तिलाच काढतोय, उगाच काम थांबवलं म्हणून. आणि भाईंनी लिहून दिलंय, गॅस तपासला होता."

संध्याकाळी सुजयला विचारलं. मान खाली. "मॅनेजरने सही घेतली. नोकरी जाईल गं."

ओरडले! शेजारच्यांनी दार उघडलं इतकी. "तुझा जीव वाचवला तिने! आणि तू —" बोलता बोलता तेही विचारून टाकलं, ती आवडते का तुला?

त्याने उठून आधी दार लावलं. मग म्हणाला, "तिच्यासारखं तोंडावर बोलता येत नाही मला. तेवढं आवडतं."

त्यानंतर कोणीच जेवलं नाही.

१६ फेब्रुवारी
सुजय वरच्या साहेबांना खरं सांगून आला. इशिता राहिली. त्याची नोकरी गेली — आधी खोटं लिहून दिलं म्हणून. संध्याकाळी ती दारात उभी, रडत. मीच हाताला धरून आत आणलं. जेवायला सुजयच्या शेजारी तिचा पाट मांडला.