मे महिन्यापर्यंत रायमो

१२ जानेवारी
मेलेल्या माणसाला पुरायला मे महिना उजाडावा लागतो, हे पटतं का कुणाला? स्मशान सांभाळणारा वेर्नर म्हणतो, थंडीने जमीन गोठून दगड झालीये, कुदळ उलटी उडते. तोवर माझा नवरा रायमो स्मशानातल्या दगडी कोठीत, हिवाळ्याच्या बटाट्यांसारखा. मी म्हटलं, मग मीही इथेच. कोठीला लागून राखणदाराची खोली रिकामी होती, मधली भिंत एकच. आज सामान आणलं. खोली झकास आहे, चूल लगेच पेटते. वेलचीचा पाव भाजला. रायमोच्या पेसमेकरची डबी पलंगाशेजारी लावली. ती त्याच्या छातीतल्या यंत्राचं ऐकून दवाखान्याला कळवायची. आता काय कळवणार! पण तिचा हिरवा दिवा नसला तर मला झोप लागत नाही.

१९ जानेवारी
वेर्नर कॉफीला आला. म्हणे, आइली, जिवंतपणी नवऱ्याला एवढी चिकटली नव्हतीस! दार दाखवलं मेल्याला. मग खूप रडले.

२६ जानेवारी
दवाखान्यातल्या ब्रियानाचा फोन. म्हणे, रायमोकाकांचे ठोके छान आहेत. मी म्हटलं, बाई, तो नाताळला सौनाच्या गरम खोलीत वाफ घेत बसल्याबसल्या गेला, डॉक्टरने सही केली. ती चपापली. मग म्हणाली, बॅटरी आहे तोवर यंत्र सिग्नल देतच राहतं, मढ्यालासुद्धा. जाळायचं असेल तर काढतात, पुरायचं तर राहू देतात. डबीला भिंतीपलीकडचं ऐकू येत असणार. जीव भांड्यात पडला.

३० जानेवारी
पुन्हा तीच पोरगी. सिग्नल जाणं वेगळं, म्हणे, आणि स्नायूने तो ऐकणं वेगळं. मेलेला स्नायू ऐकत नाही. पण आलेखात प्रत्येक सिग्नलमागे दुसरा उंचवटा आहे. विजेचा हुकूम सुटतो आणि हृदय आवळतं. यंत्र बिघडलं असेल, म्हणाली. स्वतःचीच समजूत काढत होती.

१ फेब्रुवारी
वेर्नर किल्ली देत नाही. वसंताआधी कोठी उघडायला चर्चच्या पंचांची परवानगी लागते, ते शुक्रवारी बसतात. दुःखाने डोकं फिरलंय तुझं, म्हणतो. भिंतीवर हात ठेवला. गार. कान लावायचा धीर—

२ फेब्रुवारी
ब्रियाना सांगते, आजपासून यंत्र गप्प आहे. हृदय आपलं आपण चाललं की ते गप्प बसतं, तशीच त्याची रचना. म्हणजे तो— स्वतः—
अंगावर नुसता कोट आहे त्याच्या. कधी थंडी सोसली नाही त्याला.

३ फेब्रुवारी
ठोके धावतायत. माणूस घाबरला की असं होतं, ब्रियाना फोनवर म्हणाली, आणि रडायलाच लागली. कुऱ्हाड घेऊन कोठीकडे गेले. दार लोखंडी. पातंच तुटलं—
रायमो, मी इथेच आहे रे. भिंतीपाशीच—

४ फेब्रुवारी
यंत्र पुन्हा सुरू. हुकूम सुटतात. हृदय एक ऐकतं, एक सोडतं. आता दोन सोडतं—
वेर्नर, हे पान फाडून तुझ्या दाराला लावतेय. पंचांना सांग, शुक्रवारपर्यंत मला हो की नाही ते कळलं पाहिजे. नाही, शुक्रवार नको, त्याच्याकडे तेवढा—