तुमचं नाव घेतलं त्या रानात

अहो,

रागावू नका. उभ्या जन्मात केलं न्हाई ते रविवारी केलं. चार माणसांत तुमचं नाव तोंडातून काढलं! दुसऱ्या कुणाकडून कळण्यापरीस मीच सांगावं, म्हणून लिहायले. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकले, त्यातलं हे पहिलं पत्र. वेलांट्या चुकल्या तर हसायचं न्हाई.

आधी आनंदाचं सांगते. आपली नात सुजाता विमान चालवती! थोरल्याची बदली नांदेडला झाली, तिथं माळावर विमानांचा क्लब हाय. मी निलंग्याहून यष्टीनं गेले. लातूर आता जिल्हा झाला बरं का. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाणी तेवढं आलं न्हाई. यंदाही दुष्काळच.

तर त्या विमानाला इंजिनच न्हाई! लांब तारेनं पतंगासारखं वर ओढतात, अन् तार सोडून देतात. मग घारी जिथं घिरट्या घालतात तिथली गरम हवा धरायची अन् वर जायचं. बैल सोडून गाडी हाकल्यावानी! शनिवारी तिचे सर संगं बसले होते. रविवारी ती एकटी.

माझी मान खाली येईना. दोनदा डोक्यावरून फिरली, मग लांब गेली, अन् खाली खालीच यायला लागली.

"सर, पोरगी पडायली की हो!"

"पडत न्हाई आजी. वर न्यायला हवा मिळंना तिला. रानात उतरवंल, शिकवलंय."

बाभळीमागं पांढरे पंख दिसेनासे झाले. तुम्ही असता तर माझा हात तरी धरला असता ना?

तिला आणायला मी सरांसंगं जीपमधी बसले. जीप बिलोलीच्या रस्त्याला लागली. मी अक्षरं जुळवून गावाची पाटी वाचली. तेच गाव! मागच्या मोठ्या दुष्काळात ह्याच रस्त्यावर आपण खडी फोडली. तुम्ही घागर घेऊन गावच्या विहिरीवर गेलात. "कोण लोक तुम्ही?" विचारलं. बौद्ध म्हणालात, अन् रिकामी घागर घेऊन परत आलात. "ह्या गावात पुन्हा पाय ठेवायचा न्हाई," एवढंच बोललात. बाकीचं मनातच ठेवलंत. मला तरी सांगायचं होतं की!

हाडं मोडली नसतील, हे सर सांगत होते. मला भ्या दुसरंच होतं. पोरीला कुणी विचारलं तर?

रान उघडं पडलं होतं, पेरलेलं उगवलंच न्हाई. मधे विमान, शेजारी सुजाता, धुळीनं भरलेली, हसत उभी! एक म्हातारी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळत होती. आभाळातून लेकरू आलं म्हणून पायावर पाणी घातलं. टँकरचं पाणी, अहो!

मग विचारलंच तिनं. "कोणाची गं तू बाय?"

सुजाता तोंड उघडायच्या आत मी पुढं झाले. "लिंबाजीची नात हाय. खडीच्या कामावरचा लिंबाजी. तुमच्या विहिरीवरून रिकामी घागर घेऊन गेला, तो."

सर माझ्याकडं बघायले, गाववाले म्हातारीकडं.

"मी तवा सासूच्या हाताखाली व्हते," म्हातारी म्हणाली. "बघत उभी व्हते."

अन् तांब्या माझ्या हातात दिला. वरून पाणी ओतलं न्हाई, तांब्याच हातात दिला. मी मुद्दाम तोंड लावून प्याले. एक घोट ठेवून परत केला. जीप वळंपर्यंत मागं बघत होते. तांब्या तिनं विसळला न्हाई. उरलेला घोट पिऊन टाकला.

तुमचा शब्द मोडला, पाय ठेवला. माफ करताल ना? ती रिकामी घागर मी विसरणार न्हाई, हे वचन. अन् दुसरं हे, की सुजाता कुठल्याबी रानात उतरली अन् कुणी विचारलं, तर पदर सावरून तुमचं नाव मोठ्यानं सांगीन. आता जीभ अडखळत न्हाई.

लिंबाजीची,
गयाबाई