प्रवाळाच्या टाकीची वारसदार

मी, प्रभावती भिवा म्हस्के, वय चौसष्ट, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार नवीन जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. समुद्रापासून इतक्या दूर खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते म्हणून गल्लीत याबद्दल वेगळे मत आहे, ते ग्राह्य धरू नये. माझे १९९७ सालचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते रागाच्या भरात लिहिले होते, आणि राग चुकीच्या माणसावर होता.

१. वाटूर येथील वडिलांची राहती जागा धाकटा भाऊ अण्णासाहेब यास द्यावी. वडील तिथल्या भट्टीवर चुनखडी भाजत. त्यांच्या बोटांना चुन्याने कायम भेगा असत. त्या बोटांच्या जोरावर मी बी.एस्सी. झाले, हे अण्णासाहेबाने जागा विकताना आठवावे. विकणार हे मला ठाऊक आहे.

२. माझी पुस्तके शाळेला द्यावीत. शाळेच्या कपाटात प्रवाळाचा एक पांढरा तुकडा होता. बावीस वर्षे मी मुलांना तो दाखवून ‘हा प्राणी आहे’ असे सांगितले. मुले ‘बाई, दगड आहे’ म्हणत. खरे सांगायचे तर माझीही खात्री नव्हती. म्हणून निवृत्त होताच, १९९४ साली, मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून जिवंत प्रवाळ मागवले आणि बैठकीच्या खोलीत तीनशे लिटरची काचेची टाकी बसवली.

३. या टाकीने मला जेवढे छळले तेवढे कोणत्या वर्गाने छळले नाही. प्रवाळ आपला सांगाडा पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन बांधतो, त्यामुळे दोन्ही सतत घटत राहतात. कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅम हवे, क्षारता, म्हणजे कार्बोनेटचे माप, आठ अंश हवी. कॅल्शियम वाढवले की क्षारता घसरायची. क्षारता सावरली की कॅल्शियम खाली. मूळ दोष मॅग्नेशियमच्या कमतरतेत होता, हे कळायला मला, जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला, तीन वर्षे लागली. त्यात आठवड्यातून एकदा येणारा नळ, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. पाहुणे येऊन विचारत, यात मासे का नाहीत.

४. ऑगस्ट १९९७ मध्ये माझे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. आठ दिवस टाकी अण्णासाहेब आणि त्याची बायको कांता यांच्यावर सोपवली. दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या. सकाळी कॅल्शियम क्लोराइडचे एक माप, संध्याकाळी सोड्याचे एक माप. दोन्ही एकत्र कधीही नाही, कारण एकत्र झाले की पाण्यातच खडू तयार होतो. हे मी तीनदा सांगितले होते. परत आले तेव्हा सहापैकी पाच प्रवाळ मेले होते आणि तळाला पांढरा साका होता. कांता पुढे येऊन म्हणाली, “अक्का, माझ्या हातून झालं.” त्यानंतर दोन वर्षे मी तिला त्या खोलीत पाऊल ठेवू दिले नाही. चारचौघांत तिला अडाणी म्हणाले. अण्णासाहेब शेजारी बसून चहा पीत होता.

५. गेल्या नोव्हेंबरात मी पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा अण्णासाहेब कप खाली ठेवून म्हणाला, “बस झालं अक्का. ते म्या केल्तं. रोज दोन खेपा कोण करन? चार दिवसांचं दोन्ही संगंच वतून टाकलं.” पाणी ताकासारखे झाल्यावर तो घरी निघून गेला. माझ्याकडे ड्रममध्ये खारे पाणी तयार होते. कांताने दिवसभर बादलीने टाकीतले पाणी उपसून ते भरले. एक प्रवाळ तिने वाचवला.

मी तिला विचारले, मग नाव स्वतःवर का घेतलेस?

ती म्हणाली, “त्यांचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही भावाशी बोलणं सोडलं असतं. माझ्याशी तसंही कुठं बोलत होत्या?”

हे खरे आहे. भावासाठी मी शिकलेली मुलगी पाहिली होती, त्याने कांताशी लग्न केले, म्हणून मी तिला एकोणीस वर्षे दाराबाहेरच उभे केले. मी शिक्षिका, पण तिला अक्षर शिकवावे असे मला एकदाही सुचले नाही.

६. म्हणून हे राहते घर, बँकेतली ठेव आणि टाकी, परीक्षेच्या सर्व साहित्यासह, कांताबाई अण्णासाहेब म्हस्के हिच्या एकटीच्या मालकीची राहतील. डिसेंबरपासून तीच पाण्याची परीक्षा करते. आकडे वाचता येत नाहीत म्हणून तिने काचेच्या नळीवर खुणेचे दोरे बांधून घेतले आहेत. कॅल्शियमच्या परीक्षेत लाल रंग जाऊन निळा झाला की थेंब थांबवते. माझा हात थरथरतो आणि थेंब जास्त पडतो. तिचा पडत नाही. सात महिने क्षारता आठवरून हललेली नाही. मला हे सहा वर्षांत जमले नव्हते, याचा मला त्रास होतो, तोही इथे नोंदवते.

टाकी पुढे चालवावीच असे बंधन तिच्यावर नाही. कंटाळली तर बंद करावी. त्यावरून तिला कोणी काही बोलू नये.

७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. या पत्राची अंमलबजावणी माझ्या सहशिक्षिका पुष्पाबाई काकडे यांनी करावी.

८. कांताला वाचता येत नाही. म्हणून हे मृत्युपत्र तिला अण्णासाहेबाने स्वतः, चार माणसांसमोर, मोठ्याने वाचून दाखवावे. कलम चार आणि पाच गाळू नयेत. गाळल्यास पुष्पाबाईंनी त्याला पहिल्यापासून वाचायला लावावे.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचले. ते बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते, आणि तेही माझ्यादेखत करत आहेत.

सही : प्रभावती भिवा म्हस्के

साक्षीदार :
१) उषाबाई रामकिसन खरात, सेवानिवृत्त परिचारिका
२) मच्छिंद्र पुंजाराम शेजूळ, शिक्षक

ठिकाण : नवीन जालना
दिनांक : ९ जुलै २०००