बोर्डाखालचा गोल

३ सप्टेंबर, बुधवार

दिल्लीवाल्यांचं पत्र आलं. पत्र कसलं — चार ओळींचा मेल! पुढच्या महिन्यापासून आमचे कॅरम बोर्ड त्यांना नकोत. बावीस वर्षं आम्ही बोर्ड करायचे आणि त्यांनी वर आपलं नाव चिकटवून विकायचे. संपलं ते.

शैलेंद्र मेल वाचून जबलपूरच्या रिछाई भागातल्या आमच्या शेडच्या दारातच खाली बसला. बायको म्हणून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं हायसं. दुसऱ्याच्या नावाचे स्टिकर चिकटवून चिकटवून माझी नखं झिजली!

सासऱ्यांना सांगायला मीच गेले. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत, धक्का बसेल असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "चलो. आता आपल्या बोर्डाले आपलं नाव ठेवा." आणि चहा मागितला.

९ सप्टेंबर, मंगळवार

अनुपम चार वर्षं इंदूरला जाहिरातीच्या कंपनीत होता. पावसाळ्यात घरी परतला आणि आता आम्हाला शिकवतोय. आज फळ्यावर लिहून शिकवलं. मी वीस वर्षं घमापुरच्या शाळेत मास्तरीण होते, पण पोटच्या पोराने खडू हातात घेतला की विद्यार्थी व्हावंच लागतं.

त्याचं म्हणणं असं — फोटोत सगळे बोर्ड सारखेच दिसतात. स्ट्रायकर कसा पळतो ते गिऱ्हाइकाला फोटोत कळत नाही. म्हणून तो बोर्ड घेत नाही, भरवसा घेतो. दुकानांच्या मागे लागू नका, कॅरमच्या क्लबांच्या लागा. प्रत्येक क्लबला दोन बोर्ड फुकट द्या. पोरगं ज्या बोर्डावर शिकलं तोच बोर्ड ते जन्मभर मागतं. एखाद्या स्पर्धेत आपलेच बोर्ड लागले पाहिजेत. आणि ज्याचं नाव खेळणाऱ्यांत आहे अशा कोणीतरी आपणहून सांगितलं पाहिजे, आपण पढवून नव्हे.

नावावरून दुपारभर घोळ झाला. अनुपमने सात इंग्रजी नावं आणली होती. शैलेंद्र म्हणाला, यातलं एकही मला बोलता येत नाही, विकू कसं? शेवटी बाबांचंच नाव ठरलं — शालिग्राम. आणि खोक्यावर एक ओळ, हिंदीत: "हर बोर्ड पर बाबा का हाथ."

ही ओळ ऐकली आणि मी कप गोळा करून आत निघून गेले. कोणाचं लक्ष नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार

खोकी छापायला गेलीसुद्धा!

२१ सप्टेंबर, रविवार

कोणाला सांगितलेलं नाही. कागदाला सांगते.

बाबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, परीक्षण विभागात. तिथला नियम असा की इन्स्पेक्टरची खूण नसेल तर वस्तू गेटाबाहेर जात नाही. तो नियम त्यांनी घरी आणला. ड्यूटी संपली की ते क्वार्टरच्या मागच्या अंगणात बोर्ड करायचे. तेव्हापासून प्रत्येक बोर्डाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने छोटा गोल, गोलात टिंब, शेजारी तारीख. शेड झाली, कारागीर आले, तरी खूण चुकली नाही. जबलपूरच्या क्लबांमध्ये लोक अजून बोर्ड उलटा करून गोल बघतात आणि मगच घेतात.

दोन वर्षांपासून तो गोल मी काढते.

सासूबाई दोन हजार तेविसच्या पावसाळ्यात गेल्या. त्यानंतर बाबांचा हात थरथरायला लागला. दसऱ्यानंतर दिल्लीहून एका खेपेतले तीन बोर्ड परत आले — एका कोपऱ्यात स्ट्रायकर मरतो, आपटून उसळतच नाही म्हणून. असं आधी कधी झालं नव्हतं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. सासूबाई रोज डबा घेऊन शेडमध्ये जायच्या आणि संध्याकाळपर्यंत बोर्डांची पावडर पुसत बसायच्या. ते काम करायला कोणी उरलं नाही, म्हणून मी शाळा सोडून तिथे जायला लागले होते. बाबा जेवायला घरी गेले की मी त्यांनी बघितलेले बोर्ड पुन्हा बघायला लागले.

मला ते येतं हे मलाच माहीत नव्हतं. पावडर टाकायची, स्ट्रायकर सगळा जोर लावून सोडायचा, समोरासमोर साडेतीन फेऱ्या झाल्याच पाहिजेत. मग चारही कोपऱ्यांत सोडायचा आणि ऐकायचं. चांगल्या फ्रेमचा आवाज कोरडा असतो, आणि कुठे फट असेल तर तो बसका येतो. ऐकायचं सासूबाईंकडून आलं. मे महिन्याच्या दुपारी घरी आम्ही दोघी खेळायचो तेव्हा म्हणायच्या, "डोळे मिट न् सांग, कोणत्या कोपऱ्यात गेला." मला तो वेळ घालवायचा खेळ वाटायचा.

नापास बोर्ड मी मिस्त्रीकडे परत पाठवते, बाबांनी परत केलाय म्हणून. बाबा सकाळी येतात, प्रत्येक बोर्डावरून तळवा फिरवतात, म्हणतात, "ठेव, खूण मग करतो." आणि विसरतात. मग मी करते. शेडच्या माळ्यावरचे जुने बोर्ड समोर ठेवून महिनाभर गोल गिरवला. आता कोणी ओळखणार नाही इतका जमतो.

दिल्लीवाल्यांना बाबांशी काही घेणं नव्हतं. त्यांना बोर्ड सरळ हवा होता, तो मिळत होता. पण आता खोक्यावर लिहिलंय — बाबा का हाथ. आता ती खोटी सही झाली. उद्या कोणाला कळलं तर बोर्ड कितीही चांगला असो, बाबांचं नाव जाईल. चाळीस वर्षांचं नाव, आणि घालवणारी सून!

लिहून टाकलं. जरा बरं वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

सुटले!!

आज अनुपमने व्हिडिओ घेतला. बाबा बोर्ड तपासतायत, बाबा खूण करतायत — असा बेत. चार दिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच. पेन्सिल थरथरणार, गोल वेडावाकडा येणार, आणि तो मोबाइलवर गावभर फिरणार.

बाबा पांढरा सदरा घालून आले. बोर्डावरून तळवा फिरवला, अगदी देखणा फिरवला! मग बोलायला लागले ते थांबेनात. वरणगावचं पुराण सुरू झालं. अठ्ठ्याऐंशी साली तिथल्या कारखान्यात वर्षभर बदलीवर होते, मेसच्या भाजीत तेल तरंगायचं, जानेवारीत गेले ते थेट दिवाळीलाच घरी आले. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. अनुपम म्हणाला, आजोबा, हे कापावं लागेल. आता खूण करा.

बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "खूण कोणाच्या समोर करत नसतात बेटा. इन्स्पेक्टर शिक्का मारतो तेव्हा तिथं कोणी राहत नाही."

अनुपमला ते इतकं आवडलं की तोच व्हिडिओचा शेवट केला. मी आत जाऊन दोन ग्लास पाणी प्यायले.

१२ ऑक्टोबर, रविवार

नवी टूम — "पुराना बोर्ड लाओ, नया ले जाओ." नवा अर्थात सवलतीत, फुकट नाही. अनुपम म्हणतो, जुने बोर्ड परत आले की लोकांना दिसतं, हे नाव कालचं नाही. नोव्हेंबरातल्या शहराच्या स्पर्धेत आपलेच बोर्ड घ्यायचं ठरलंय; हे जुने बोर्ड तो तिथल्या हॉलमध्ये भिंतीला लावणार आहे.

येऊ लागलेत. फ्रेम काळी पडलेली, जाळी फाटलेली, पण वरची फळी अजून सपाट. उलटा केला की गोल आहेच. बाबा प्रत्येक बोर्ड हाताळतात आणि तारीख बघून बाजूला ठेवतात.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घमापुरच्या एका क्लबने जुना बोर्ड द्यायला नकार दिला. म्हणे याच्यावर जिंकलेत आमचे लोक. अनुपम भलताच खूश!

८ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धेत बारा टेबलं, बाराही आमची.

यामिनी आली होती. खमरियाच्या क्लबात पोरांना शिकवते, तीनदा राज्याकडून खेळली आहे. अनुपमने तिला महिन्याभरापूर्वी बोर्ड नेऊन दिला होता आणि चार शब्द बोला म्हणून गळ घातली होती. तिने साफ सांगितलं होतं, आधी पंधरा दिवस खेळीन, मग वाटलं तर बोलीन. नाही वाटलं तर तेही बोलीन.

सामना सुरू व्हायच्या आधी ती पोरांना घेऊन आली आणि तिने बोर्ड उलटा केला. "हा गोल पाहा. हा असला का डोळे मिटून घ्यायचा." पोरं वाकून वाकून माझा गोल बघत होती. मी शैलेंद्रच्या मागे जाऊन उभी राहिले.

दिवसभरात एकाही बोर्डाची तक्रार नाही. एक स्ट्रायकर मेला नाही! जाताना यामिनी माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकू, मध्ये काही बोर्ड बिघडले होते न, दोन वर्षं झाली. मी म्हटलं झालं, गेला यांचा माल. पण आता अगदी पहिल्यासारखे आले. आजोबांनी पुन्हा मनावर घेतलेलं दिसते."

मी हो म्हटलं. काय म्हणणार? पण गाल आतून चावून धरला होता. मला इतका आनंद झाला होता आणि तो दाखवायची सोय नव्हती.

९ नोव्हेंबर, रविवार

शैलेंद्रला सांगून टाकलं. भंवरतालच्या बागेत, बाकावर, भेळ खाताना. सगळं सांगितलं, गिरवण्यापासून.

त्याने आपली भेळ बाकावर ठेवली. मग म्हणाला, "मी दोन वर्षं झाली, एकच विचार करून राहिलो. बाबा गेले का आपण काय करायचं. मला नाही येत ते. मी शिकून पाहिलं, माझ्या कानाला काहीच समजत नाही." आणि त्याने माझ्या हातातली भेळ काढून घेतली आणि माझा हात धरला. अठ्ठावीस वर्षांत त्याने बागेत माझा हात धरलेला नाही!

मला वाटलं होतं तो चिडेल. तर त्याचीच सुटका झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज अनुपमलाही सांगितलं. तो मात्र चिडला. आरडाओरडा नाही, तो त्याच्या स्वभावात नाही. आठशे खोक्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "लोक आपल्यावर भरवसा ठेवून राहिले आई, आणि हे खोटं आहे. बोर्ड चांगला आहे म्हणून ते खरं होत नाही."

बरोबर आहे त्याचं. फळ्यावर त्यानेच लिहिलं होतं आणि मी ऐकलं होतं. शैलेंद्रचं म्हणणं की ओळ बदलू, त्यात काय. पण ओळ बदलायची तर बाबांना कारण सांगावं लागेल. तुमचा हात चालत नाही आणि तुमची खूण सून करते, हे त्यांना कोणी सांगायचं?

मीच. सोमवारी सांगते.

तरी आधी होतं तेवढं ओझं नाही. दोन माणसं वाटेकरी झाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी शेडमध्ये लवकर गेले. बाबा आधीच येऊन बसले होते. खमरियाच्या क्लबमधून आलेला एक जुना बोर्ड त्यांनी मांडीवर उलटा धरला होता. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी तो माझ्यापुढे केला. गोल, गोलात टिंब, शेजारी तारीख — ११ मार्च १९८८.

मी दोनदा वाचली. म्हटलं, बाबा, या वर्षी तर तुम्ही वरणगावला होता.

"हो न."

मग म्हणाले, "तुझी सासू करे. पहिल्या बोर्डापासून तीच. मले कधी आलंच नाही ते, मी नुसता हात फिरवे. बाईनं पास केलेला बोर्ड क्लबवाले घेत नव्हते, म्हणून नाव माझं." गोलावर बोट ठेवून म्हणाले, "ती गेली तेव्हा मीच बोर्ड पास करून पाहिले. तुले माहीतच आहे काय झालं ते. मग तू करून राहिली ते दिसलं, म्हणून गुमान बसलो. तुझा गोल अगदी तिच्यासारखा येते."

माळ्यावरचे ते सगळे बोर्ड. महिनाभर मी त्यांचाच गोल गिरवला होता.

बाबांनी खिशातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. आखूड झालेली, मागच्या टोकाला दातांच्या खुणा. बाबा कधी पेन्सिल चावत नाहीत.