यंदाचं वाण

१ नोव्हेंबर
या खोलीची खरी किंमत: रे रोडला एकतीस वर्षं भंगार, डाव्या हाताची करंगळी आणि ओवीच्या, माझ्या एकुलत्या लेकीच्या, बारशापासून लग्नापर्यंतचे सगळे रविवार. पण नायगावात स्वतःची खोली! बाकी चाळ हुरणी लोकांची. त्यांचे आजे-पणजे पठार सोडून गिरणीत आले, शेती काही सोडली नाही. गच्चीवर पिंपांत नाचणी डोलतेय. शेजारच्या मीराबाईंनी चहा दिला, वर टोमणा, की भंगारवाल्या भाऊंनी पिंपांवर डोळा ठेवू नये. मी टिचकी मारून सांगितलं, तिसऱ्याचा तळ गंजलाय. कलतं करून पाहिलं तर खरंच. माझा कान फसत नाही.

४ नोव्हेंबर
रविवारी त्यांचा सुगीचा सण, रुजाई. मीराबाई म्हणाल्या, यंदाचं वाण तुम्ही. ‘तुम्हाला’ म्हणायचं असेल, पठारावरची बोली. संक्रांतीला बायका लुटतात तसं एखादं भांडं मिळणार. वडाळ्याला ओवीला फोन केला, बाप मानकरी झालाय, रविवारी ये. ती म्हणाली, भांडं पितळेचं असलं तरच येते.

६ नोव्हेंबर
मानाचे म्हणून दोन्ही कानांत नाचणीचे दाणे घातले, ओल्या मातीनं बुजवले. गुदगुल्या होतात. सगळी चाळ पाया पडून गेली. उठताना प्रत्येकजण माझ्या कानाला कान लावून थांबतो. काय ऐकतात, विचारलं. नुसते हसतात.

७ नोव्हेंबर
ठणका. माती कोरून काढली. दाणे नाहीत. आरशात बारीक, हिरवं काहीतरी — ओढलं तर दाढेपर्यंत कळ गेली.

८ नोव्हेंबर
उजवा कान बंद. डाव्यानं अर्धंमुर्धं. मीराबाईंना जाब विचारला. त्या रडल्या. वाण म्हणजे बियाणं हो भाऊ, म्हणाल्या. तुमच्यात नुसतं रुजतं. कणीस धरतं ते पोटच्या पोरात. मग पदरानं डोळे पुसून विचारलं, लेक उद्या किती वाजता येते?

जिन्यावर सगळे बसलेत. हात जोडून. खाली उतरू देत नाहीत —

९ नोव्हेंबर
डावा कानही बंद. ओवीला मेसेज. एकच टिक. पुन्हा — एकच.

फोन लागला. येऊ नकोस, ओरडलो. स्क्रीनवर सेकंद पळत होते, म्हणजे तिनं उचलला होता. बरं म्हणाली, की निघालेय म्हणाली —

दाराची कडी हलतेय. बाहेरून कुणीतरी हाक मारत असणार. ओवी असेल तर — मला काहीच ऐकू येत