मी खाली उतरलो असतो

३ फेब्रुवारी
आज फ्रेंचच्या क्लासला नाव घातलं. निर्णय निव्वळ धंद्यासाठी. माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या निम्म्या फ्रेमची नावं फ्रेंच आहेत आणि ती उच्चारताना माझी गिऱ्हाइकासमोर त्रेधा उडते. बायकोही त्याच क्लासला जाते, हा योगायोग. ती सध्या तिच्या बहिणीकडे राहते. 'सध्या' हा शब्द मी मेहुणीशी फोनवर बोलताना मुद्दाम वापरला. मेहुणी काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असणार.
मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. पावसाळ्यापर्यंत फ्रेंच येईल. बायको त्याच्या आधीच घरी येईल.

६ फेब्रुवारी
खरं तर मी पहिलीच्या बॅचचा. पण बायको वरच्या बॅचमध्ये, म्हणून मॅडमना सांगितलं की कॉलेजात दोन वर्षं फ्रेंच होतं. होतंच. त्यातलं 'नमस्कार' आणि 'खिडकी' अजून आठवतं.
मला बघून ती दचकली. तू इथे काय करतोयस, असं विचारलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या की वर्गात फक्त फ्रेंच, दुसरी भाषा दाराबाहेर. त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. नियम चांगला आहे.
जोड्या हजेरीपटाप्रमाणे, म्हणजे आडनावाच्या क्रमाने. तिने आडनाव अजून माझंच ठेवलंय, त्यामुळे आम्ही एका बाकावर. ती म्हणाली (दाराबाहेर) की पासपोर्टवर बदलून घ्यायला वेळ मिळाला नाही. मी नोंद घेतली. ज्याला बदलायचंय त्याला वेळ मिळतो.

१७ फेब्रुवारी
आज संवाद. मी भाजीवाला, ती गिऱ्हाईक. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणून तिला मला 'अहो' म्हणावं लागलं. एवढ्या संसारात पहिल्यांदा. मी विचारलं, आपण कशा आहात. ती म्हणाली, मी बरी आहे, आभारी आहे, आणि आपण? मीही बरा आहे म्हणालो. घरी आम्ही हे एकमेकांना शेवटचं कधी विचारलं होतं, आठवत नाही.
तिने अर्धा किलो टोमॅटो घेतले आणि आपला दिवस चांगला जावो म्हणाली. घरी येताना मी खरेच टोमॅटो आणले. एकट्याने अर्धा किलो संपत नाहीत.

१० मार्च
आज मी घरमालक, ती भाडेकरू. घरात उजेड येतो का? शेजारी शांत आहेत का? स्वयंपाकघराला खिडकी आहे का? मी सगळ्याला 'वी, मादाम', म्हणजे 'हो, बाई' म्हणत गेलो, कारण तेवढंच येत होतं. शेवटी ती हसली. तोंडावर हात ठेवून, पूर्वीसारखी. मागच्या बाकावरचे निवृत्त जज्जसाहेब म्हणाले की जोडी छान जमली आहे. त्यांची नात परदेशात जन्मली, तिला फ्रेंचशिवाय काही येत नाही, म्हणून ते या वयात शिकतायत.
आपल्याही घरात उजेड येतो, हे तिला सांगायचं होतं. शब्द कमी पडले. गाडी रुळावर येतेय, हे मात्र नक्की.

२४ मार्च
नवा काळ सुरू झाला. जे झालं असतं पण झालं नाही, ते सांगायचा. आधी 'असतो'साठी सहाय्यक क्रियापद लावायचं. ती दोन आहेत, 'ओरे' आणि 'सरे'. कुठलं कुठे, ते ज्याचं त्याने पाठ करायचं.
हा काळ मी ऑप्शनला टाकला आहे. दुकानात उपयोग शून्य. 'चष्मा घेतला असता' म्हणणारं गिऱ्हाईक कुठल्याही भाषेत बिनकामाचंच.
शिवाय माझ्या आयुष्यात तसलं काही नाही. ती बॅग घेऊन गेली तेव्हा मी खाली गेलो नाही, कारण गॅसवर दूध होतं. दूध सोडून माणूस कसा जाईल? गॅलरीतून मी बघत होतो. टॅक्सीपाशी ती बराच वेळ वर बघत उभी होती. ड्रायव्हरने डिकी उघडायची वाट बघत असणार. हे सगळं मी तिला नंतर फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. विषय संपला.

३१ मार्च
त्याच काळावर जोडीने बोलायचं होतं. ती बोलायला लागली आणि थांबेचना. कागद नाही, पुस्तक नाही. आवाज हळू. चष्मा दोनदा काढून पुसला. नाकावरची प्लेट सैल झालीये, घसरतो. मीच बनवलेला चष्मा. बोलण्यात 'टॅक्सी' आणि 'दूध' हे शब्द समजले. मला वाटलं, खरेदीचा धडा असेल.
मग तिने मला काहीतरी विचारलं. 'रियाँ' म्हणजे 'काही नाही', हा शब्द मला पक्का येतो. म्हणालो, रियाँ. तिने प्रश्न बदलून परत विचारला. मी हसून, चांगल्या उच्चारात परत म्हणालो, रियाँ.
मॅडमची पद्धत अशी की संवादानंतर जोडीदार काय म्हणाला ते उभं राहून वर्गाला सांगायचं. मी ठोकून दिलं की हिने मोठं घर घेतलं असतं. मॅडमनी चार चुका काढल्या. मग ती उठली, माझ्याबद्दल एक लहानसं वाक्य बोलली आणि बसली. तिच्या वाक्यात एकही चूक नव्हती.
एकंदर, तास चांगला झाला. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

३ एप्रिल
ती आली नाही. सर्दी असेल. चष्म्याची प्लेट घट्ट करायला छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात घेऊन गेलो होतो.

७ एप्रिल
आजही आली नाही. तास सुटल्यावर जज्जसाहेबांनी मला बाहेर चहाच्या मशीनपाशी नेलं. म्हणाले, मध्ये पडायचा मला अधिकार नाही, पण माझा बाक तुमच्या मागेच आहे. मागच्या मंगळवारचं काही तुम्हाला कळलं का, असं विचारलं. मी म्हटलं, साधारण.
मग त्यांनी सांगितलं. ती म्हणाली होती की तू त्या दिवशी खाली आला असतास तर मी टॅक्सी परत पाठवली असती. काही बोलायचीही गरज नव्हती. नुसती बॅग हातात घेतली असतीस तरी मी वर आले असते. मग तिने विचारलं की गॅसवर दूध नसतं तर तू काय केलं असतंस. मी म्हणालो, काही नाही. नंतर विचारलं की आज तो दिवस असता तर. मी म्हणालो, काही नाही. वर्गाला तिने तेच सांगितलं. याने काहीच केलं नसतं.
मी म्हटलं की साहेब, तुमची ऐकण्यात चूक झाली असेल. ते म्हणाले की कानाचं मशीन चालू होतं. मग त्यांनी मला चहा घेऊन दिला आणि मी पिईपर्यंत थांबले.
घरी येऊन रडलो. लिहून ठेवतो, इथे वाचायला कोण येतंय.

८ एप्रिल
ती फोन उचलत नाही. मेहुणीने उचलला. म्हणाली, बायकोला परदेशात एका फ्रेंच प्रयोगशाळेत नोकरी लागली आहे, महिनाअखेर निघणार. रविवारी, एकोणीस तारखेला, उरलेलं सामान न्यायला येईल. माझ्याबद्दल काही विचारत होती का, असं मी विचारलं. मेहुणी म्हणाली, हो, त्या वेळी तुम्ही बाहेर असलात तर बरं, असं म्हणत होती.
मी घरीच असेन म्हणून सांगितलं. आजपासून तो काळ शिकायला घेतला आहे.

१४ एप्रिल
ठरलं. फ्रेंचमध्येच सांगायचं. आपल्या भाषेत तोंड उघडलं की माझ्या तोंडून सबबी येतात. फ्रेंचमध्ये मला एकही सबब येत नाही.
वाक्यं दोनच. मी खाली उतरलो असतो. मी तुझी बॅग टॅक्सीतून उतरवली असती. अडचण अशी की क्रियापद एकच. स्वतः उतरलं तर एक सहाय्यक, सामान उतरवलं तर दुसरं. आज दुकानात डोळे तपासताना पुटपुटत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, तक्त्यावर असली अक्षरं मला तरी दिसत नाहीत. त्याला नंबर परत तपासायला उद्या बोलावलंय.

१७ एप्रिल
मॅडमसमोर दोन्ही वाक्यं म्हणून दाखवली. दोन्ही बरोबर! मॅडमना आश्चर्य वाटलं. जज्जसाहेबांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, फार घोळ घालू नका, सरळ बोलून टाका.

१९ एप्रिल, सकाळी ९
इस्त्रीचा शर्ट. दूध आणलंच नाही, मध्ये काही नको. ती अकराला येईल.

१९ एप्रिल, दुपारी १
आली. मेहुणी खाली टॅक्सीत थांबली होती. थंडीचे कपडे आणि पुस्तकं तिने एका खोक्यात भरली. चष्मा घसरत होता. मी स्क्रूड्रायव्हर काढला, तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला. मी प्लेट घट्ट केली. डोळ्यांवर चढवून ती म्हणाली, आता नीट बसला.
मग खोकं उचलून दारात उभी राहिली. गेली नाही, उभी राहिली. मी म्हटलं, थांब, एकच मिनिट. आणि आत गेलो. कारण ऐन वेळी ओरे की सरे याची खात्री वाटेना, आणि आज चूक करायची नव्हती. पुस्तक उशीखाली होतं. पान सापडलं. मला येत होतं तेच बरोबर होतं.
बाहेर आलो तर दार उघडं आणि ती नाही. गॅलरीत धावलो. खोकं तिनेच डिकीत ठेवलं होतं. टॅक्सीचं दार धरून ती वर बघत होती. मी चौथ्या मजल्यावरून दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हटली. सरे जिथे हवं तिथे, ओरे जिथे हवं तिथे. तिने ऐकलं. मान हलवली, शिकवणाऱ्या बाई हलवतात तशी, आणि आत बसली.
जिना होता. लिफ्टही चालू होती. गॅसवर आज दूधही नव्हतं.