दोन फेऱ्यांमधला स्वयंपाक

१ डिसें., सोम.
वंदना आज तेल्हाऱ्याला रुजू झाली. मुख्याध्यापिका! एकोणीस वर्षं तिवशाच्या शाळेत शिकवलं, रोज अमरावतीहून बसने ये-जा. आता संस्थेने तेल्हाऱ्याची शाळा दिली. तिथे खोली घेतली आहे. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. संस्थेने म्हटलं आहे, जमत नसेल तर ३१ पर्यंत लेखी नकार द्या, तिवशाला परत या.
म्हणजे एक महिना बायकोचं स्वयंपाकघर माझ्याकडे.
बाबांना अकराला ताट लागतं. गौरीचा डबा सहाच्या आत, बारावीची शिकवणी आहे. आणि मी, शाळेच्या व्हॅनच्या चार फेऱ्या. दुसरी संपवून घरी साडेदहाला, तिसरीला सव्वाअकराला निघायचं. मधे पाऊण तास. त्यात स्वयंपाक.
आज खिचडी. खाली लागली. वरून काढून वाढली.

२ डिसें., मंगळ.
खिचडी.

३ डिसें., बुध.
कुकरमध्ये पाणी घालायचं राहिलं. शेजारच्या नजमाभाभी शिलाई टाकून भिंतीशी आल्या. "क्या जलाके रखे भाऊ? धुआं माझ्या घरात येऊन राहिला ना!" डाळ आहे म्हटलं. म्हणाल्या, "थी."
बाबा दूध-पोळी खाऊन उठले. पोळी वंदनाने करून ठेवलेल्यातली शेवटची.

५ डिसें., शुक्र.
व्हॅनमधली दुसरीतली चिमी नाक धरून म्हणाली, "काका, तुमच्या हाताले लसणाचा वास येऊन राहिला." मग सगळी गाडी हुंगायला लागली. राजापेठेपर्यंत तोच खेळ.
पण वास आला म्हणजे फोडणी बसली. आज पिठलं केलं. गुठळ्या होत्या. गौरी मला म्हणे, "बाबा, गुठळ्या चांगल्या लागतात." पोरगी खोटं बोलते तेव्हा आईसारखी दिसते.

७ डिसें., रवि.
वं. काल आली. आल्या आल्या बाबांकडे बघत राहिली. सकाळी ओट्याशी उभी राहून म्हणाली, "मामंजी उतरले. आठ दिवसात गाल बसले त्यायचे. अन् गौरी शिकवणीच्या बाहेर समोसे खाऊन राहिली, मले सांगितलं तिनं."
मी म्हटलं, सवय होईल.
"मी नकार लिहून देते. तुमी वाईट वाटून घेऊ नका."
काही बोललो नाही. मी कधीच बोलत नाही. गौरी तीन वर्षांची होती तेव्हाही अशीच बढती आली होती. तेव्हा तिने नकार लिहिला, मी समोर बसून गरम भाकर खात होतो. मला बरंच वाटलं होतं. हे इथे लिहितो, कुठे म्हणालो नाही.

९ डिसें., मंगळ.
नजमाभाभींकडे वही घेऊन गेलो. त्या मशीन चालवता चालवता सांगत होत्या, मी लिहीत होतो. दिवसभर कपडे शिवून पाच माणसांचं करतात, त्यांना पाऊण तास म्हणजे चैन.
"भाऊ, तुमी रोज पहिल्यापासून सुरू करता. कायले? डाळ एकदाच लावा, जास्त लावा. सकाळी वरण. दुपारी त्यातच पालक टाका, डाळभाजी झाली. उरली ते संध्याकाळी कणकेत मळा, पराठे. एक कुकर, दिन खतम." आणि, "कणिक पहिली फेरी जायच्या आधी मळून, तेल लावून, झाकून ठेवा. पोळी मऊ होते."
वहीत हे सगळं. खाली मी लिहिलं: आच कमी!

११ डिसें., गुरु.
साडेदहा ते अकरा पाच. डाळभाजी, भात, चार पोळ्या (एक गोल). सांबार (कोथिंबीर) चिरून वरून टाकला तर दिसायलाही बरं. दहा मि. उरली. त्यात बसून चहा प्यायलो. असा चहा बऱ्याच दिवसांत प्यायलो नव्हतो.
बाबांनी मात्र अर्धी पोळी ठेवली. "पोट भरलं."

१२ डिसें., शुक्र.
काल बाजारात तुरीच्या शेंगा ढिगाने, वांगी तर फुकटच म्हणावी इतकी स्वस्त. थैलीभर घेतली. वांगं गॅसवर ठेवून मी आंघोळ करून आलो, भाजून तयार. कच्चा कांदा, कच्चं तेल, ठेचलेली मिरची. भरीत झालं म्हणायचं. गौरीने डब्यात नेलं. मैत्रिणींनीच संपवलं म्हणे, तिला दोन घास मिळाले. इतकी खूश होती जसं काही तिनेच केलं.

१३ डिसें., शनि.
वं. चा फोन. शाळेची तपासणी आहे, या आठवड्यात येत नाही. आवाज थकलेला पण आत कुठेतरी टवटवीत. मुलींसाठी बंद पडलेली खोली उघडून वाचनालय करणार आहे. पंधरा मि. तेच. घरचं विचारायला शेवटी आठवलं तिला. बरं वाटलं मला. खरंच.

१६ डिसें., मंगळ.
हा दिवस नीट लिहून ठेवायचा.
साडेदहाला आलो तर टायर बसलेलं. ते बदलेस्तोवर अकरा. हात काळे. घरात सकाळचं वरण आणि झाकलेली कणिक, बाकी काही नाही. बाबांना म्हटलं, आज उशीर होईल.
बाबा उठले, स्वयंपाकघरात आले, म्हणाले, "सरक."
मला कळेना. त्यांना या ओट्याशी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. डोळ्यांना कमी दिसतं. हातांनी चाचपून कणकेचा गोळा घेतला, लाटला, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापले. कापताना त्यांचा जुना शिंप्याचा हात दिसला, एकेक तुकडा सारखा. वरणात पाणी घातलं, तिखट, गूळ, जिऱ्याची फोडणी. उकळी आल्यावर एकेक तुकडा सोडला. वरणफळं! वीस मि. लागली नाहीत.
"बाबा, हे कुठं शिकले तुमी?"
"अकोल्यात. जुन्या शहरात दुकानात शिवायचो ना मी, लग्नाच्या आधी. आमी पाच जण एका खोलीत. शिजवायले एक गंज, एक स्टोव्ह. दुपारची सुट्टी अर्धा तास. रोज हेच."
"मग आतापर्यंत काहून नाही केलं?"
"कोणी करू देल्लं? तुह्या मायनं हात लावू नाही देल्ला." मग डाव फिरवत, "अन् मलेही बरंच होतं बसून खायले."
आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानेच खाल्लं. बाबांनी दोनदा घेतलं. मी विचारलं, मग इतके दिवस पोट भरलं, पोट भरलं काय चाललं होतं? म्हणाले, "तुह्या पोळ्या चावत नाही रे. पण तू इतक्या हौसेनं वाढत होता…"
हसता हसता मला ठसका. तिसऱ्या फेरीला पंधरा मि. उशीर. पोरांना खरं कारण सांगितलं, त्यांनी माफ केलं.

१९ डिसें., शुक्र.
वाटणी ठरली. कणिक बाबा. फोडणी मी. संध्याकाळ गौरीची, पण परीक्षेच्या आठवड्यात नाही. तुरीचे दाणे बाबा उन्हात बसून सोलतात, रेडिओ लावून. आज सोलेभात. नजमाभाभींना वाटीभर दिला. वाटी परत आली ती शेवयांनी भरून. "पास," म्हणाल्या.

२१ डिसें., रवि.
वं. आली. आम्ही तिला ओट्याशी येऊच दिलं नाही. बेसनाच्या पातोडीचा रस्सा, भाकरी (बाबांच्या), वाफाळता भात. ती जेवली, वाखाणलं, बाबांच्या गालांकडे पाहून हसली. मग मिठाचा डबा शोधत होती, सापडेना. मी जागा बदलली आहे, हाताशी यावा म्हणून.
"माह्या घरात मलेच मीठ नाही सापडत," म्हणाली. हसत म्हणाली पण खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती फक्त खूश होईल.

२५ डिसें., गुरु.
सुट्टी, व्हॅन रिकामी. बाबा, गौरी, मी तेल्हाऱ्याला. न सांगता गेलो.
वं. च्या खोलीत स्वयंपाकाचं सामान म्हणजे एक भगोणं आणि बिस्किटांचे पुडे. आमच्या चौघांचं वीस वर्षं करणारी बाई एकटीसाठी चहासुद्धा करत नाही!
"एकटीसाठी कोण फोडणी घालते?" म्हणाली.
बाबा परात शोधायला लागले. परात नव्हतीच. ताटात मळली. मी भगोण्यात डाळ चढवली. गौरीने आईला वहीतली पानं वाचून दाखवली, "आच कमी!" सकट. वं. इतकी हसली की घरमालकीण डोकावून गेली. मग शाळा दाखवली तिने. वाचनालयाच्या खोलीला नवा रंग. कुलूप उघडताना तिचा चेहरा मी पाहिला.
नकाराचं कोणीच काढलं नाही.

२९ डिसें., सोम.
वं. ने फोटो पाठवला. एका माणसाची वरणफळं. तुकडे वेडेवाकडे. बाबा भिंग लावून म्हणाले, "जाड कापले."

३१ डिसें., बुध.
चारला तिचा फोन, अकोल्याहून. संस्थेच्या कार्यालयाबाहेर उभी होती. "लिहून आणलं आहे. द्यावं की नाही कळत नाही. गौरीची परीक्षा दोन महिन्यांवर. तुमाले काय वाटते? खरं सांगा."
शेवटच्या फेरीला निघायचं होतं. किल्ली हातात.
म्हटलं, "मले वाटते तू तिथंच राहावं. मागच्या वेळीही म्हणायले पायजे होतं. नाही म्हटलं."
पलीकडे गाड्यांच्या आवाजात तिने नाक ओढलं. मग, "बरं. ठेवते." रडत होती की हसत, कळलं नाही.
फेरी करून सहाला आलो. फोन नाही. गौरी मेथी निवडते आहे. बाबा परातीशी. विचारतात, तिघांचं मळू की चौघांचं?
म्हटलं, नकार दिला असो की नसो, अकोल्याहून आज ती घरीच येईल. चौघांचं मळा.